काटा बघायचा थांबा

१

माझं सगळं आयुष्य छत्र्या घडी करण्यात गेलं. पावसाच्या नव्हे. विमानातून उडी मारायची वेळ आलीच, तर पाठीवरून उघडतात त्या. धावपट्टीच्या कडेला विमानांची मोठी शेड आहे, तिला लागून एक लांबच लांब खोली, आणि त्या खोलीला चिकटून आमचं दोन खोल्यांचं घर. छत्री पूर्ण पसरायला जागा लागते, म्हणून ती खोली लांब. खाली लाकडी फळ्या, इतक्या गुळगुळीत की कापडाचा एक धागा अडकू नये. एका अंगाला पट्टीकडे बघणाऱ्या खिडक्या. त्या खोलीत मोठ्याने बोलायचं नाही असा माझा नियम. घडी करताना मन दुसरीकडे गेलं, तर झालेली घडी सोडायची आणि पुन्हा पहिल्यापासून करायची. त्यामुळे माझं काम फार सावकाश. लोक मला घडीवालेच म्हणतात. आमची ही होती तेव्हा म्हणायची, बरं झालं स्वयंपाक माझ्याकडे आहे, नाहीतर सकाळचं जेवण आपण दुसऱ्या दिवशी जेवलो असतो.

मुलगा याच खोलीत रांगला. एका जागी ठरायचा नाही, म्हणून त्याला भिंगरी म्हणायचो. तेच नाव टिकलं. पुढे त्याने ते विमानाच्या शेपटीवरसुद्धा रंगवून घेतलं.

भिंगरी कसरतीचं विमान उडवायचा, लोकांसमोर, अगदी गवतालगत. तिथे माझ्या छत्रीचा काडीचा उपयोग नाही. तिला उघडायला उंची लागते. तरी तो नियम म्हणून पाठीला बांधायचा. मी एकदा म्हटलं, अरे, मग ओझं कशाला नेतोस? तर म्हणाला, टेकायला बरी असते.

हे कसरतीवाले उडायच्या आधी सगळी कसरत जमिनीवर चालून बघतात. नवख्याला वाटेल, माणसाला वेड लागलं. उजवा पंजा सपाट, बोटं जुळलेली. तो पंजा म्हणजे विमान. डोळे अर्धे मिटलेले. विमान चढतं तिथे हात वर नेऊन चवड्यांवर चालायचं. कोलांटी असेल तिथे टाचेवर गिरकी. सूर मारायचा तिथे भराभर टाचा वाजवत. विमान गवतालगत असेल तिथे गुडघ्यात वाकून, पंजा गुडघ्याशी. भिंगरी माझ्या खोलीत चालायचा आणि मी पलीकडे बसून ऐकायचो. मला त्याची कसरत कानाने पाठ होती.

शेवटच्या कसरतीला तो बुडी म्हणायचा. वर चढायचं, टोकाला विमान उलटं करायचं, आणि तिथून नाक खाली ओढत अर्ध्या कोलांटीने गवतावर सपाट निघायचं. पण टोकाला, उलटं असताना, एक थांबा. उंचीचा काटा बघायचा. ठरलेली उंची असली तर खाली. जराही कमी असली, तर सरळ व्हायचं आणि मुकाट निघून जायचं, खालचे लोक काय म्हणतील ते म्हणोत. चालताना तिथे त्याचे पाय जुळायचे आणि श्वासभर खोलीत काही वाजायचं नाही. मग टाच वळायची. त्या श्वासाला माझ्याही हातातलं काम थांबायचं.

गेल्या उन्हाळ्यात तो बुडीतून निघाला नाही. मी छत्र्या वाळत टांगत होतो. लोकांचा आवाज ऐकला, आणि मग लोकांचा आवाज बंद झालेला ऐकला.

२

चौकशीवाले आले, मोजमापं घेऊन गेले. यंत्रात दोष सापडला नाही, म्हणाले. बुडी ठरलेल्या उंचीच्या बरीच खालून सुरू झाली. काटा बघितला होता की नव्हता, हे आम्हाला कळायला मार्ग नाही. एवढं बोलून ते गेले.

आमच्याकडे मात्र त्या एका गोष्टीवर सगळं अडलं.

मास्तरांचं म्हणणं, विसरला. मास्तर म्हणजे भिंगरीला आणि सुनेला दोघांनाही उडायला शिकवलेला माणूस. काडीसारखा देह आणि तिखट जीभ. ते म्हणाले, अहो घडीवाले, मी चष्मा डोळ्यांवर ठेवून घरभर चष्मा शोधतो. माणूस आहे, विसरतो. मी ते धरून बसलो. विसरला, या शब्दाला टेकून मला झोप लागायची.

सुनेला ते सहन व्हायचं नाही. ती स्वतः कसरतीची. त्याची आणि तिची ओळखच पट्टीवर झालेली. ती चारचौघांत रडली नाही. फक्त म्हणाली, तो काटा बघायला विसरणाऱ्यांतला नव्हता. त्याने बघितला, एवढ्या उंचीतून निघता येतं हे त्याला दिसलं, म्हणून तो खाली आला. मग जे काही झालं ते दुसरंच झालं. चौकशीला सापडलं नाही म्हणजे झालंच नाही असं नाही.

आणि मग, भाजी निवडता निवडता, ती मास्तरांना म्हणाली, "वर्षाच्या कार्यक्रमाला मी त्याची कसरत उडवणार. बुडी त्याच उंचीवरून. निघून दाखवते."

मास्तरांनी चहा खाली ठेवला. "दाखवशील की. एकदाच दाखवशील."

त्यांनी कार्यक्रमवाल्यांच्या कानावर घातलं. त्या लोकांनी सुनेला बोलावलं. तिने गरीब गाईसारखं कबूल केलं, पूर्ण उंचीवरूनच उडेन. तिचा शब्द आजवर खोटा ठरला नव्हता, त्यांनी मानला. शिवाय गेलेल्याची बायको त्याचीच कसरत उडवणार म्हटल्यावर पट्टीच्या कडेला माणूस मावणार नव्हता, हेही त्यांना दिसत होतं. विमानात ती एकटीच असणार. टोकाला काय करायचं ते तिच्या हातात.

मुलगा गेला होता. माझ्याकडे उरली होती ती एवढी एक पोर.

३

सुनेने चालायला सुरुवात केली. दुपारी, जेवणानंतर, ऊन खिडक्यांतून फळ्यांवर येतं तेव्हा. ती आत चालायची, मी इकडे चहाचं आधण ठेवायचो. शेवटी खिडकीपाशी पाय जुळले की चहा गाळायचा, असं आमचं जमलं होतं. तिची पावलं त्याच्याहून हलकी. पण कसरत तीच. चढ, गिरकी, सूर, पुन्हा चढ. टोकाला श्वासभर शांत. मग बुडी, वाकून घासत जाणारी पावलं, आणि खिडकी. मला भीती वाटायची, आणि खरं सांगायचं तर ती वेळ मला हवीशीही वाटायची. बंद डोळ्यांना वाटायचं, तोच आहे.

एका दुपारी पाय जुळले, मी चहा गाळला. ती मान पुसत दारात आली, कप घेतला आणि म्हणाली, बाबा, हा चहा आहे की इंजिनातलं तेल? मी हसलो.

आत पावलं चालू होती.

मी तिच्या पायांकडे बघितलं. ती एका पायावर दुसरा टेकवून उभी होती, अनवाणी, चहावर फुंकर घालत. आत कोणीतरी चवड्यांवर चढत होतं. फळी हलकी दबल्यासारखी कुरकुरत होती. मग गिरकी, मग टाचा, एकामागे एक, भराभर. आणि मग काहीच नाही.

ती म्हणाली, "काय झालं?"

मी म्हटलं, काही नाही, पाय अवघडला.

तिने कप विसळून पालथा घातला.

४

माणूस आधी आपल्यालाच वेड्यात काढतो. लाकूड आहे, उन्हाने फुगतं, सावली आली की वाजतं. कान म्हातारे झाले. वर्षभर एकच गोष्ट ऐकायची वाट बघितली, तर ती ऐकू येणारच. मी फळ्या ठोकून बघितल्या. शेडमध्ये जाऊन बघितलं, तिकडून आवाज येतो का. दुसऱ्या दिवशी सून चालून बाहेर आली, पुन्हा पावलं. तिसऱ्या दिवशीही.

एकदा ती गावात गेली होती. मी एक जुनी छत्री काढली आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरली, एक सुरकुती ठेवली नाही. मग उंबऱ्यावर बसलो. ऊन सरकत खोलीत आलं आणि पावलं सुरू झाली. कापडावर पाय पडला की आवाज दबतो. हा दबला नाही. उघड्या फळीवर वाजावं तसा वाजला. कापड हललंसुद्धा नाही. नंतर मी त्यावरून हात फिरवला. उभ्या जन्मात मी दुसरं काय केलं? सुरकुत्याच शोधल्या. एक असती तरी बोटांना लागली असती.

पण त्या दिवशी दुसरी एक गोष्ट लक्षात आली, आणि सांगायला चमत्कारिक वाटतं, मला बरं वाटलं. ती पावलं टोकाला थांबत नव्हती. चवड्यांवरचा चढ संपला की लगेच टाच वळायची. मध्ये श्वास नाही. काटा बघायचा थांबाच नाही. आणि शेवटी खिडकीपाशी पाय जुळतच नव्हते. तिथवर ती पोचायचीच नाहीत.

म्हणजे मास्तर म्हणत होते तेच. विसरला. आणि विसरला असेल, तर त्या उंचीतून निघता येतं असं त्याने ठरवलं नव्हतं. मग सुनेला काही सिद्ध करायचं उरत नाही.

मी तिला सांगितलं. घाबरत घाबरत, सगळं. ती ओरडली नाही, हसली नाही. दुसऱ्या दिवशी न चालता माझ्या शेजारी उंबऱ्यावर येऊन बसली. पावलं आली. तिला ऐकू येत होती. तिच्या मानेवर काटा आलेला मी बघितला. चढ संपला, टाच वळली, भराभर खाली, आणि खोली गप्प झाली.

ती म्हणाली, "हा तो नाही."

"मग कोण गं?"

"मला काय माहीत. तो असता तर थांबला असता."

५

त्यानंतर तिच्या चालण्यातला थांबा जायला लागला.

आधी मला वाटलं, दोन्ही आवाज माझ्या कानात मिसळताहेत. मी दार किलकिलं करून बघायला लागलो. ती टोकाला आली, पाय जुळले, हात डोक्यावर, नजर काटा असतो तिथे. थांबलेली, डोळ्यांना दिसतेय ना, थांबलेली. आणि फळ्यांवरचा आवाज तिच्यासाठी न थांबता पुढे निघून गेला. टाच वळली. तिची नव्हे. मग ती वळली आणि त्या आवाजाला गाठायला भराभर खाली गेली, जशी लहान मुलं पुढे गेलेल्याच्या मागे धावतात.

काही दिवसांनी दोन्ही बरोबर वाजायला लागले.

मी म्हटलं, पोरी, तुझा थांबा गेला. ती म्हणाली, मी थांबते, बाबा. अगदी मनापासून म्हणाली. मी मास्तरांना बोलावलं. त्यांनी खुर्ची आत टाकली आणि तिचं चालणं पूर्ण बघितलं. बाहेर आल्यावर मला बाजूला घेतलं. थांबते की, म्हणाले, चांगली ऐसपैस थांबते. तुम्ही काय ऐकलंत?

मी सांगितलं.

मास्तर चेष्टा करतील असं वाटलं होतं. त्यांनी केली नाही. ते पट्टीकडे बघत राहिले. म्हणाले, घडीवाले, गवतालगत उडायला मी त्याला शिकवलं. लोक का येतात बघायला, माहीत आहे? उंचावरून केलेली कसरत जास्त अवघड असली तरी त्यांना ती नको असते. त्यांना खाली हवी असते. दरवर्षी थोडी अजून खाली. आणि उडवणाऱ्याला ते विमानात ऐकू येत नाही असं आपण म्हणतो. येतं. मी स्वतः ऐकलंय. म्हणून तो थांबा शिकवतो आम्ही. काटा बघायला वेळ कितीसा लागतो? तो थांबा लोकांच्या त्या आवाजाला नाही म्हणायला आहे.

मग रुमालात नाक शिंकरून म्हणाले, आता तो शिकवून मला काय मिळालं ते तुम्ही बघताच आहात.

६

कार्यक्रमाच्या दिवशी मी तिची छत्री घडी केली. चारदा सोडली, पुन्हा केली. ती शेजारी उभी होती. पट्टे आवळताना मी म्हटलं, "माझी छत्री उघडेल एवढ्या उंचीवर काय हवं ते कर. त्याखाली नको जाऊस."

ती म्हणाली, "बाबा, तो चुकला असं लोक म्हणतात. मला दुकानात ऐकू येतं."

"म्हणू देत."

"तुम्हाला चालेल. मला नाही चालत." मग तिने माझा हात पट्ट्यावरून सोडवला, एकेक बोट, हळूच. रागाने नाही.

बाहेर माणसांचा समुद्र होता. मला बघवणार नव्हतं. मी लांब खोलीत आलो, दार ओढून घेतलं, खिडक्यांकडे पाठ केली. विमान उठलं. इंजिनाच्या आवाजावरून मला कळत होतं ती कुठे आहे. चढ. गिरकी. सूर.

आणि खोलीत पावलं सुरू झाली. तिच्याबरोबर, तिच्याच तालावर. बाहेर इंजिन चढलं की इथे चवडे. बाहेर सूर, इथे टाचा. मी खोलीच्या मध्यावर उभा होतो आणि ती पावलं माझ्याभोवती फिरत होती. जवळून गेली की गार वगैरे काही लागलं नाही. घामाचा वास आला, कापडाच्या टोपीखाली येतो तसा. ओळखीचा.

शेवटचा चढ सुरू झाला. बाहेरही, आतही. या खोलीत मी कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशीही चढवला नाही. लहानपणी त्याला झोपेतून उठवायचो तसा म्हणालो, "काटा बघ, बाळा."

पावलं थांबली.

पहिल्यांदाच थांबली. पाय जुळल्याचा आवाज झाला, आणि खोलीत श्वासभर काही वाजलं नाही. नाही, एक वाजलं. त्याने दातांतून हवा आत ओढली. लहान असताना शेडच्या भिंतीवरून उडी मारायच्या आधी ओढायचा तशी. छोट्या उडीला नाही ओढायचा. भिंत आपल्याला झेपणार नाही हे कळलं की ओढायचा, आणि मग डोळे चमकायचे.

त्याने काटा बघितला. काट्याने काय सांगितलं ते त्याला कळलं.

आणि टाच वळली.

पावलं माझ्याकडे आली, भराभर. माझ्या गुडघ्याशी मला पंजा दिसला. सपाट, बोटं जुळलेली, नखांत तेलाची काळी रेघ. मनगटाच्या मागे मी बघितलं नाही. पंजा थरथरत नव्हता. अगदी स्थिर होता, एखादं काम आवडीने करणाऱ्याचा असतो तसा. तो माझ्याजवळून फळीकडे गेला. मी त्याच्याखाली माझा हात घालायला वाकलो, आणि खिडक्यांच्या सगळ्या काचा एकदम थडथडल्या.

मग काहीच नाही. बाहेर, पार वर, तिच्या इंजिनाचा बारीक आवाज लांब जात होता.

७

मास्तर आधी आले. दाराला धरून उभे राहिले. म्हणाले, निघून गेली, सरळ झाली आणि निघून गेली, खाली आलीच नाही. देवा. मग म्हणाले, पण एक सांगा, तुमच्याकडे काही वाजलं का? कारण ती वर टोकाला उलटीच होती आणि पुढची माणसांची रांगच्या रांग एकदम खाली वाकली. डोकी धरून. बायकांनी पोरं पोटाशी घेतली. वर तर काहीच खाली येत नव्हतं. मी दोघाचौघांना विचारलं, का वाकलात? त्यांना सांगता येईना. एकमेकांकडे बघून कसनुसं हसत होते.

मी म्हटलं, काचा वाजल्या.

मास्तरांनी एका काचेवर बोट टेकवून बघितलं.

सून आली तेव्हा छत्री अजून तिच्या पाठीवर होती. ती फळ्यांवरच बसली, भिंतीला टेकून. मास्तर बाहेर गेले, पण दार उघडंच राहिलं. ती म्हणाली, टोकाला आले, काटा बघितला, बरोबर त्याचीच उंची होती. हात दांडा ओढेचना. असं वाटलं की कोणीतरी आत्ताच माझ्या खालून निघून गेलं. घाबरले मी, बाबा, बाकी काही नाही. पुढच्या रविवारी याच कार्यक्रमाचा दुसरा भाग आहे. पुढच्या वेळी घाबरणार नाही.

मी तिच्या पाठीवरचे पट्टे सोडवायला लागलो.

तिने माझं मनगट धरलं. "तुम्ही इथे होतात. तो आला होता ना आज?"

"आला होता."

"मला एवढंच सांगा. थांबला? थांबला असेल तर त्याला माहीत होतं की निघता येतं. मग मी जाईन. नसेल थांबला, तर नाही जाणार. तुमची शपथ, पुन्हा गवताजवळ जाणार नाही."

खिडकीतून ऊन आलं होतं. खोली ऐकत होती. माझ्या मुलाच्या नावावर एकच गोष्ट शिल्लक होती, की तो कधी काही विसरला नाही, आणि ती मानणारं जगात एकच माणूस होतं.

मी म्हटलं, "नाही थांबला, पोरी."

"आजसुद्धा?"

"आजसुद्धा नाही. विसरला गं तो. विसरलाच."

मग तिचा चेहरा सैल पडला, पट्टा सोडला की छत्री पडते तसा. "वेंधळा," ती म्हणाली. एकदाच, अगदी हळू, घरात नवऱ्याला बोलतात तशी. आणि मग वर्षभरात पहिल्यांदा मोठ्याने रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता आणि दुसरीकडे, खोलीच्या लांबच्या टोकाला, बघत होतो. तिकडे काही नव्हतं.

८

सून आता दुसऱ्या गावी नवख्यांना उडायला शिकवते. सरळ, उंचावरून, कंटाळा येईल असं, तीच म्हणते. फोन करते. पोरं विसरभोळी आहेत, म्हणते, आणि मग मी विषय बदलतो. भिंगरीबद्दल ती आता हसून बोलते, थोडं कमी प्रेमाने. ते मी केलं. ती जिवंत आहे, तेही मीच केलं. दोन्ही एकाच शब्दाने झालं, त्यामुळे वेगळं करता येत नाही.

मास्तरांना मी खरं सांगितलेलं नाही. त्यांनाही विसरला याच शब्दावर झोप लागते.

दुपारी ऊन फळ्यांवर आलं की पावलं येतात. मी उंबऱ्यावर बसतो. चढ, गिरकी, सूर, पुन्हा चढ. चवड्यांवरून टोकापर्यंत जातात. आणि तिथे पाय जुळतात.

मी तिला जे सांगितलं ते त्याने ऐकलं, त्या दिवसापासून हे असं आहे. तो थांबतो. टाच वळत नाही. एक श्वास जातो, दुसरा जातो, चहा निवतो, ऊन भिंतीवर चढून विझतं. खाली येण्याचा आवाज होत नाही आणि निघून गेल्याचाही होत नाही. खोलीत कुठेतरी वर, मी बघत नाही तिथे, तो उलटा टांगलेला काटा बघत असतो, बापाने विसरला म्हटलं म्हणून.

थकला असेल. हात दुखत असेल. आपलं पोर उंचावर दिसलं की बापाच्या तोंडी एकच हाक येते, खाली ये रे. ती मी रोज तोंडातच धरून बसतो.